सी विंगमधली बाराबोर

“मॅडम, तुमच्यात बंदूकवाले कोण राहतात?”

श्रद्धा कंपनीच्या बसमधून उतरून सोसायटीच्या गेटात शिरत होती. विचारणारा हवालदार होता. मोटारसायकल स्टँडला लावून, हेल्मेट आरशाला अडकवून तो निवांत उभा होता आणि दूधवाल्याचं घर विचारावं तितक्या सहज त्यानं हे विचारलं होतं.

“बंदूकवाले? इथे?”

“कोंडीराम नाव आहे. बाराबोर बंदुकीच्या परवान्याचं रिन्यूअल आलंय. पत्ता बघून जायचा, बाकी काही नाही.”

कोंडीराम म्हणजे सातव्या मजल्यावरचे आप्पा. पांढरी टोपी घालून रोज सकाळी पार्किंगच्या कडेच्या आंब्याला बादलीनं पाणी घालणारे. श्रद्धा त्यांच्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये राहायची. तीन वर्षांत लिफ्टमधलं हसणं आणि “पोरगी मोठी झाली की,” याच्यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. तिनं हवालदाराला मजला सांगितला आणि जिन्यानंच वर निघाली. त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये जायला का नको वाटलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

हवालदारानं तोच प्रश्न वॉचमनलाही विचारला होता. त्यामुळे चहा होईपर्यंत ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि भाजी फोडणीला पडेपर्यंत ग्रुपात दोन पक्ष पडले. सेक्रेटरी नंदकिशोर हिंजवडीत मोठ्या पदावर होता. त्यानं लिहिलं, ‘लहान मुलं राहतात इथे. हे शस्त्र इमारतीतून गेलंच पाहिजे.’ ए विंगमधल्या प्रज्वलचं मत उलटं होतं. गेल्याच महिन्यात शेजारच्या सोसायटीत भरदिवसा दोन फ्लॅट फुटले होते. ‘आप्पांची बंदूक आहे म्हणून तरी आपल्याकडे चोर फिरकणार नाहीत,’ असं म्हणून त्यानं दंड फुगवलेलं चित्र टाकलं.

श्रद्धानं काहीच लिहिलं नाही. तिचा नवरा धम्मरत्न भोसरीच्या ज्युनियर कॉलेजात शिकवायचा. मुलीची, मैत्रीची, वही तपासता तपासता त्यानं विचारलं, “तू काही बोलणार नाहीस?”

“काय बोलू? मला त्यातलं काही माहीतच नाही.”

“तुला माहीत नाही?” एवढंच म्हणून तो थांबला. तो कशाबद्दल बोलतोय हे तिला कळलं. तिनं गॅस बारीक केला आणि विषय तिथेच राहिला.

रविवारी क्लब हाउसमध्ये मीटिंग झाली. आप्पा एकटेच आले. नंदकिशोरनं नियम वाचून दाखवले, मग कायद्याचं काहीतरी वाचलं, मग परदेशातल्या शाळांमध्ये काय काय घडतं ते सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“लायसन हाय,” ते म्हणाले. “सरकारनं दिलंय. मी कुणाला कवा दावली न्हाई का कुणावर उगारली न्हाई. तुमाला आजवर ठावं तरी व्हतं का?”

“तेच तर म्हणतोय आम्ही. आम्हाला माहीतच नव्हतं!”

“मंग आत्ता काय बदाललं?”

“आप्पा, तुम्हाला इथे गरजच काय बंदुकीची? हे काय शेत आहे?”

हा शब्द लागला. आप्पा उठले. “शेतच हाय ह्ये. तुमी बसलाय न्हवं, तितं माझा ऊस हुबा व्हता. माझ्या रानात येऊन मलाच गरज इचारताय व्हय?” आणि ते निघून गेले. मागे एकच गलका उठला. पोलिसात अर्ज द्यायचा असं नंदकिशोरनं ठरवून टाकलं. प्रज्वल म्हणाला, मी सही करणार नाही.

त्या गलक्यात श्रद्धाच्या मनात एक भलताच प्रश्न घोळत राहिला. आप्पांना गरज विचारली, पण उत्तर कुणी ऐकलंच नव्हतं. चाकणच्या एका कारखान्यात ती प्रेसच्या साच्यांचं डिझाइन करायची. एखादी वस्तू अडली की ती कुठे अडते आहे हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि अडलेल्या साच्यावर आधी हातोडा मारणाऱ्यांचा तिला मनस्वी राग यायचा. तिनं नंदकिशोरला गाठलं. “अर्ज आठवडाभर थांबवा. मी एकदा वर जाऊन येते.”

“जाऊन काय करणार?”

“विचारणार, का लागते म्हणून.”

नंदकिशोरनं विचारलं, “आणि तुम्हाला चालणार आहे का ती, उत्तर चांगलं मिळालं तर?”

“नाही,” ती म्हणाली. “मला ती डोक्यावर नकोच आहे. पण मला विचारायचंय.”

दार आप्पांच्या बायकोनं उघडलं. चिमाबाई, सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी, डोक्यावरून घट्ट पदर. मीटिंगला, हळदीकुंकवाला, गणपतीला त्या कधी खाली दिसायच्या नाहीत. श्रद्धानं आपलं नाव आणि फ्लॅट सांगितला.

“खालची व्हय? तुजी पोरगी दोरीवरच्या उड्या मारती, त्यो आवाज मला हितं येतो,” चिमाबाई म्हणाल्या. श्रद्धा माफी मागणार, तोच त्या पुढे म्हणाल्या, “मारू दे. बरं वाटतं.”

आप्पा कोचावर बसले होते. त्यांनी टीव्ही बंद केला.

“आप्पा, मी सह्या घ्यायला आलेली नाही,” श्रद्धा म्हणाली. “तुम्ही कधी उडवलीत का ती, एवढंच विचारायचं होतं.”

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. ते जरा सैल झाले. “एकडाव. रानडुकरावर. उसात घुसलं व्हतं.”

“लागली?”

“कुटली लागतीया! डुक्कर गेलं निगून, आन् बार ऐकून शेजाऱ्याचं रेडकू दावं तोडून पळालं. ते हुडकण्यात आमचा आख्खा दीस गेला.”

आतून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या चिमाबाई हसल्या. श्रद्धाही हसली. चहाचे दोन घोट झाल्यावर तिनं धीर केला.

“मग आता ठेवलीय कशाला? डुकरं तर इथे मोशीत राहिली नाहीत. पुण्यात परवाना असलेली दुकानं आहेत ना, तिथे सांभाळायला ठेवता येते म्हणतात.”

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. एखाद्या परवानगीची वाट पाहावी तसं. मग म्हणाले, “लायसन माझ्या नावाचं हाय. पर बंदूक माझी न्हाई. तिला इचार.”

श्रद्धाला आधी कळलंच नाही. सगळी सोसायटी आठवडाभर म्हाताऱ्याच्या हट्टाबद्दल बोलत होती.

चिमाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. दोन्ही कानांच्या पाळ्या खालपर्यंत फाटलेल्या होत्या, मधून चिरलेल्या पानासारख्या. जखमा केव्हाच भरल्या होत्या, पण पाळ्या पुन्हा जुळल्या नव्हत्या.

“मळ्यात घर व्हतं आमचं. आजूबाजूला वस्ती न्हाई. थोरला पोटात व्हता तवा. दरवडा पडला. ह्यांना खाटंला बांधलं. मी म्हनलं, काढून देते, बाबांनो, हात लावू नका, काढून देते.” त्यांनी एका कानाला बोट लावलं. “त्यांना तेवढी बी सवड नव्हती.”

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा चेहरा श्रद्धाला दिसत नव्हता.

“त्याच्या मागून लायसन काढलं,” चिमाबाई म्हणाल्या. “राखणीला म्हून. ह्यांना त्याची कधीच आवड न्हाई. मीच म्हनलं, बंदूक घरात आल्याबिगर मी मळ्यात नांदत न्हाई. आली, तवापासून मला झोप लागती. इलेक्शनला पोलिसात जमा करत्यात न्हवं, आत्ता म्हापालिकेच्या वक्ताला बी केली व्हती. तेवढे दीस मी दाराला पाट लावून बसून काढले.”

“सातव्या मजल्यावर? खाली वॉचमन असून?”

“मला समजतंय, पोरी. डोक्याला समजतंय. अंगाला न्हाई समजत.”

श्रद्धानं कप खाली ठेवला. ही ओळ तिला नीट ओळखीची होती. धम्मरत्न तिला महिनोन्‌महिने हेच सांगत आला होता, फक्त शब्द वेगळे होते.

“आन् तुला का नगं ती?” चिमाबाईंनी विचारलं. त्या विचारण्यात भांडण नव्हतं. श्रद्धा ज्या कुतूहलानं वर आली होती, तेच उलटं तिच्याकडे बघत होतं. “समद्यास्नी नगं हाय, पर तू येकलीच वर आलीस. तुजं काय?”

मग श्रद्धानं सांगितलं. तिच्या कंपनीच्या शेजारच्या एका कारखान्यात भंगाराच्या कंत्राटावरून दोन टोळ्यांचं वैर होतं. वर्षापूर्वी शिफ्ट सुटताना ती बसकडे चालली होती आणि शेजारच्या गेटवर कुणीतरी गावठी कट्ट्यातून गोळ्या झाडल्या. तिला आधी टायर फुटल्यासारखं वाटलं. मग तिथला वॉचमन खाली बसलेला दिसला, स्वतःचा हात दुसऱ्या हातात धरून, अगदी गोंधळून, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता. कंत्राटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

“वाचला?”

“वाचला. हात गेला.”

“तुज्या कितीक जवळ?”

“तो दरवाजा आहे ना तुमचा, तेवढ्यावर.” बोलताना तिला जाणवलं की तिचे तळवे ओले झालेत. “तुमच्या बंदुकीचा आणि त्या कट्ट्याचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण वरून काही पडल्याचा आवाज आला की मी आता मैत्रीला खिडकीपासून लांब ओढते. हवालदार आल्यापासून.”

चिमाबाईंनी दाराकडे पाहिलं. मग आप्पांना म्हणाल्या, “अवं, हिला बी झोप न्हाई.”

त्या दिवशी ठरलं काहीच नाही. पण श्रद्धा दुसऱ्या दिवशीही वर गेली, आणि त्यानंतरही. तिनं सुचवलं की कपाटाला भक्कम कुलूप लावून किल्ली तिच्या घरी ठेवावी. आप्पांनी पोलीस स्टेशनात जाऊन विचारलं आणि मान हलवत परत आले. “लायसन नसलेल्याच्या हाती किल्ली दिली तर माजंच लायसन जाईल म्हनत्यात. तू बी आत आन् मी बी आत.” मग काडतुसं वेगळ्या पेटीत ठेवायचं निघालं. ते बरोबर होतं आणि आप्पांनी ते त्याच दिवशी केलंसुद्धा, पण श्रद्धाच्या तळव्यांना त्यानं फरक पडेना. तिनं तसं सरळ सांगितलं. चिमाबाईंनीही सरळ सांगितलं की बंदूक दुकानात ठेवायची कल्पनाच त्यांना सोसवत नाही.

“मावशी, मला एक सांगा,” श्रद्धानं एकदा विचारलं. “बंदूक असली की नेमकं काय वाटतं? कुणी आलं तर आप्पा गोळी घालतील, असं?”

“ह्ये? ह्यांना डुक्कर घावलं न्हाई!” चिमाबाई म्हणाल्या आणि मग विचारात पडल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. “त्या वक्ताला मी लई वरडले. कुणाला ऐकूच गेलं न्हाई. वस्तीच नव्हती, तर कोन येतंय? बंदुकीचा बार लांब जातो. ऐकून कुणीतरी येईल, असं वाटतं मला.”

श्रद्धा सावरून बसली. इतके दिवस ती हत्याराला पर्याय शोधत होती. चिमाबाईंना हवा होता तो आवाज, आणि तो ऐकून धावत येणारं कुणीतरी.

एका बटणावर अनेक घरांत वाजणारी घंटा बाजारात तयार मिळते. तिनं ती आणली. बटण चिमाबाईंच्या पलंगाशी, आणि घंटा सी विंगमध्ये चार घरांत: तिच्या, नंदकिशोरच्या, तळमजल्यावरच्या सुमनताईंच्या आणि श्रद्धाच्याच समोर राहणाऱ्या वर्षालीच्या. पण त्याआधी या चार घरांना सगळं सांगणं भाग होतं. चिमाबाईंना विचारूनच तिनं ते सांगितलं. नंदकिशोरच्या घरात बोलताना तिनं कानांचा उल्लेख केला, तेव्हा त्यानं चष्मा काढून उगाचच पुसला.

“मीटिंगमध्ये त्यांनी हे सांगितलं असतं तर,” तो म्हणाला.

“आपण नियम वाचत होतो.”

पुढे अटी आल्या आणि खरी ओढाताण तिथे झाली. चिमाबाईंचं म्हणणं असं, की बंदूक पुण्याच्या दुकानात ठेवून बघू, पण झोप लागली नाही तर ती परत येणार, आणि आली तर कुणी तक्रार करायची नाही. नंदकिशोर उसळला. “मग यात तडजोड ती काय? उद्या म्हणतील झोप लागत नाही, आणि आपण गप्प बसायचं?”

“हो,” श्रद्धा म्हणाली. “ती बरोबर माझ्या डोक्यावर येणार आहे, नंदकिशोर. मी हो म्हणतेय.”

“त्यांनी खोटं सांगितलं तर?”

“तर सांगतील. आपण घंटा ऐकून नाही धावलो तर, हा प्रश्न त्यांनाही पडला असेलच की.”

तो पडलाच होता. घंटा बसवली तेव्हा चिमाबाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. “कुणी आलं न्हाई, तर?”

“वाजवून बघा. आम्हाला न सांगता. तुम्हाला वाटेल तेव्हा.”

दिवस गेले, घंटा वाजली नाही. श्रद्धाला आता ऑफिसात बसल्या बसल्याही त्याचंच कुतूहल वाटायचं. वर्षाली म्हणाली, म्हातारी विसरली असेल. श्रद्धाला तसं वाटेना.

एका शनिवारी भर दुपारी ती मैत्रीचे केस विंचरत असताना घंटा कर्कश किंचाळली. कंगवा तसाच केसांत सोडून ती अनवाणी जिन्यानं धावली. वरच्या वळणावर तिला नंदकिशोर दिसला, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात क्रिकेटची बॅट. वर्षाली दार उघडं टाकून आली होती, हातांना कणीक. सुमनताई गुडघ्यांनी अधू, त्या लिफ्टमधून सगळ्यांत शेवटी उतरल्या, पण येताना मोठ्यानं ओरडत आल्या, “चिमाबाई, आले, मी आले हो!” आणि त्या ओरडण्यानं आणखी दोन मजल्यांवरची माणसं मागोमाग चढली.

चिमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. फेसाकडे, बॅटकडे, कणकेकडे. आप्पा मागे ओशाळून उभे. “म्या सांगितलं व्हतं हिला, दुपारी लोक झोपत्यात म्हून.”

“काय झालं?” धापा टाकत नंदकिशोरनं विचारलं.

“काय न्हाई. बगितलं,” चिमाबाई म्हणाल्या. “या, बसा. च्या टाकते.”

प्रज्वललाही नंतर कळलं. माझ्याकडे का नाही बसवली घंटा, म्हणून तो रुसला. तो दुसऱ्या विंगमध्ये राहतो, हे त्याला समजावून सांगावं लागलं.

पुढच्याच आठवड्यात आप्पांनी बंदूक पुण्याच्या कॅम्पातल्या परवानाधारक दुकानात नेऊन ठेवली. श्रद्धाला पहिल्यांदा छताकडे न बघता झोप लागली. चिमाबाईंना लागली नाही. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पाट लावला नाही, घंटेवर हात ठेवून पडल्या, पण डोळे खोल गेले, जेवण तुटलं. शेवटी एका सकाळी आप्पा खाली आले आणि श्रद्धाच्या दारात टोपी हातात घेऊन म्हणाले, “जमंना, बाई. आनाया निगालोय.”

श्रद्धाची नजर छताकडे गेली. पण ती म्हणाली, “ठरलंय तसं. आणा.”

बंदूक आली, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पेटीत कुलूपबंद झाली. काडतुसं दुसरीकडे. आप्पांनी नंदकिशोरला स्वतःहून वर बोलावून हे दाखवलं. नंदकिशोर खाली आला तो तोंड पाडून, पण ग्रुपवर त्यानं एक अक्षर टाकलं नाही, अर्ज तर नाहीच. कुणीतरी विचारलं तेव्हा त्यानं लिहिलं, ‘आपलं बोलणं झालेलं आहे.’ श्रद्धा मैत्रीचा अभ्यास पुन्हा खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत घेऊ लागली, आणि तरी रोज कामावरून आल्यावर वर चक्कर टाकत राहिली. रागावून तिनं येणं बंद केलं नाही, हे चिमाबाईंच्या लक्षात येत होतं.

“तू भांडली न्हाईस,” त्या एकदा म्हणाल्या.

“मी हो म्हटलं होतं ना.”

“व्हय. पर हो म्हनत्यात समदीच.”

दिवाळी झाली. हरभऱ्याची भाजी बाजारात आली तशी चिमाबाईंनी एकदा निवडायला म्हणून श्रद्धाला वर बोलावलं आणि भाजी खुडता खुडता विचारलं, ते दुकान कसं आहे, जाळी आहे का, तिथे राखण कोण करतं. श्रद्धाला काहीच माहीत नव्हतं. “मग जाऊन बघूया का?” ती म्हणाली.

रविवारी धम्मरत्ननं गाडी काढली. पटलं तर ठेवू म्हणून बंदूक पिशवीत गुंडाळून आप्पांच्या मांडीवर, परवाना खिशात. श्रद्धा पुढच्या सीटवर बसली. ती वस्तू तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होती. तिचे तळवे ओले झाले, तिनं ते ओढणीला पुसले. भोसरीच्या सिग्नलला तिनं मागे वळून विचारलं, “मला बघता येईल का? नुसती?”

आप्पांनी पिशवीचं तोंड जरा उघडलं. जुनं लाकूड, घासून गुळगुळीत झालेलं. कुठल्याही यंत्रासारखं एक यंत्र. चाप कुठे, खटका कुठे, तिच्या नजरेनं आपोआप शोधलं.

“मला वाटलं होतं, मोठी असेल,” ती म्हणाली.

दुकानात चिमाबाईंनी मालकाची उलटतपासणी घेतली. जाळी हलवून पाहिली, कुलपं पाहिली, आतल्या तिजोरीचं दार किती जाड आहे हे बोटांनी मापलं. मालकानं शांतपणे सगळी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी आप्पांना मानेनं खूण केली आणि त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

“परत पायजे झाली तर?” चिमाबाईंनी मालकाला विचारलं, पण त्या बघत होत्या श्रद्धाकडे.

“तर आणायला आपण दोघी येऊ,” श्रद्धा म्हणाली.

येताना चिमाबाई गाडीच्या खिडकीशी बसल्या. या रस्त्यानं त्या फार वर्षांत आल्या नव्हत्या. हा पूल कधी झाला, त्या उंच काचेच्या इमारतीत काय करतात, मेट्रोत बसायला तिकीट कुठे काढायचं, असं त्या विचारत होत्या, आणि धम्मरत्न गाडी चालवता चालवता एकेका प्रश्नाचं उत्तर देत होता.